धुतलेल्या चादरींचं धुणं

सीझन कसा चाललाय, हे गावात कुणी कुणाला विचारत नसे. मान वर करून टेकडीकडे बघितलं की कळायचं. टेकडीच्या उतारावर चादरमावशीच्या चौदा दोऱ्या होत्या. चौदाही भरलेल्या दिसल्या की समजायचं, तळ्याकाठची अकराच्या अकरा हॉटेलं फुल्ल. दहा भरल्या म्हणजे बरं चाललंय. सहावर आल्या की टॅक्सीवाले एकमेकांशी आदरानं बोलायला लागत, कारण भांडायला गिऱ्हाईकच नसे. होडीवाला तर सकाळी होडीतलं पाणी उपसता उपसता आधी दोऱ्या बघायचा आणि मगच दुसरी होडी पाण्यात ढकलायची की नाही ते ठरवायचा. पर्यटन खात्याचं एक कार्यालयही गावात होतं. तिथल्या साहेबांच्या खिडकीतूनही टेकडी दिसायची, त्यामुळे त्यांचा अहवाल सहसा चुकत नसे.

चादरमावशीला नाव होतं. मतदारयादीत ते चुकीचं छापलं होतं आणि बाकी कुठं ते लागत नव्हतं. अकरा हॉटेलांच्या चादरी तिच्या हाताखालून जात, म्हणून ती चादरमावशी. सोड्यानं तिच्या बोटांच्या पेरांना कायमच्या भेगा पडल्या होत्या. हिवाळ्यात त्यातून रक्त यायचं, तेव्हा ती पांढऱ्या चादरी नवऱ्याला पिळायला द्यायची. नवरा इस्त्री करायचा. तीस वर्षं एकाच खांद्यानं दाब देऊन त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली गेला होता. उभा राहिला की तो सतत काहीतरी ऐकायला वाकल्यासारखा दिसायचा. ऐकायला मात्र त्याला बेताचंच यायचं.

त्यांची लेक विमानतळावर होती. खाली दरीत एक धावपट्टी होती, सकाळी एक विमान यायचं, संध्याकाळी एक. लेक काउंटरवर बसून बॅगांचं वजन करायची, चिठ्ठ्या लावायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायची. हसणं पगारात धरलेलं होतं. घरी आली की ती तासभर चेहरा उघडा टाकून गप्प पडून राहायची. ती स्वतः विमानात कधी बसली नव्हती. तरी गाव तिला विमानवाली म्हणायचं आणि मावशीला ते ऐकायला बरं वाटायचं.

मग सामान उतरवणाऱ्या एका लोडरची तीन बोटं सरकत्या पट्ट्यात गेली. कंपनी म्हणाली, तो आमचा माणूस नाही, कंत्राटदाराचा आहे. कंत्राटदार म्हणाला, त्या दिवशी तो रजेवर होता. बोटं मात्र हजर होती. शिडी ढकलणारे, बॅगा उचलणारे, काउंटरवरचे, सगळे मिळून चौसष्ट जण दुसऱ्या दिवशी गेटबाहेर जाऊन बसले. विमान आलं, धावपट्टीवर दहा मिनिटं उभं राहिलं, त्याला कुणी शिडीच लावली नाही. प्रवाशांनी खिडक्यांतून तळं बघितलं आणि ते आल्या वाटेनं परत गेले. त्यानंतर विमान आलं नाही.

पहिले चार दिवस आधीच्या पाहुण्यांच्या चादरी होत्या. पाचव्या दिवशी दोऱ्या नऊवर आल्या, आठव्या दिवशी पाचावर. रस्त्यानं यायचं तर घाटातून चौदा तास लागत. तेवढे हाल सोसून तळं बघायला कोण येणार? दहाव्या दिवशी मावशीनं भट्टी पेटवली आणि घातलेलं सरपण जळून जाईपर्यंत एवढ्याशा कपड्यांचं उकळून झालंसुद्धा. उरलेल्या जाळावर तिनं चहा ठेवला. हौदाच्या काठावर बसून भर उन्हात चहा प्यायची तिला सवय नव्हती. हाताला काम नाही तर पेरं जास्त ठणकतात, हे तिला नव्यानंच कळलं.

सोडा आणायला ती दुकानात गेली तर दुकानदार म्हणाला, "सोडा कशाला मावशी? काय धुणार? लेकीची कीर्ती?"

दुकानात होडीवाल्याची बायको उभी होती. ती हसली नाही. म्हणाली, "आमच्या होड्या वाळायला लागल्यात गं. पाण्याबाहेर राहिल्या की फळ्यांना भेगा पडतात. तुझ्या पोरीला सांग ना, ऐकेल तुझं."

"त्या माणसाची तीन बोटं गेली," मावशी म्हणाली.

"गेली ना. मग आता माझी होडी जाऊन ती परत येणार आहेत का?"

मावशीनं सोडा घेतला. किलोभर घ्यायचा तो पावशेर घेतला आणि पिशवी उगाच जड असल्यासारखी धरून घरी आली.

लेक रोज सकाळी वेळेवर निघायची. संपाच्या आधी कधी इतकी वेळेवर निघत नव्हती. एके संध्याकाळी ती आली ती टेकडीच्या पायवाटेनं पळतच. "आई, आज तीनच दोऱ्या होत्या ना? गेटवरून दिसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!"

"माझ्या रिकाम्या दोऱ्यांना?"

"तसं नाही गं. विमानतळाच्या गच्चीवर कंपनीचा मोठा साहेब येऊन बसलाय. तोही इकडंच बघतो, आम्हीही इकडंच बघतो. दोऱ्या रिकाम्या म्हणजे हॉटेलं रिकामी. हॉटेलवाले ओरडले की वरचे ओरडतात, वरचे ओरडले की साहेब हलतो. अजून आठ दिवस. फार तर दहा. मग आम्हाला कायम करतील, त्याला भरपाई देतील."

"आणि आम्ही आठ दिवस काय करायचं?"

"आराम करा," लेक म्हणाली आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. तिनं आईचे हात हातात घेतले आणि भेगांना तेल लावायला बसली. बाप कोपऱ्यातून म्हणाला, "कोण हरवलं?" कुणी हरवलं नाही, असं दोघींनी त्याला ओरडून सांगितलं.

बाराव्या दिवशी अध्यक्ष आले. हॉटेल मालक संघटनेचे अध्यक्ष म्हणजे तळ्याकाठच्या सगळ्यांत मोठ्या हॉटेलचे मालक. बावीस वर्षांत ते टेकडीवर पहिल्यांदाच चढत होते, त्यामुळे वर पोचल्यावर पाच मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. मावशीला वाटलं, काहीतरी वाईट घडलंय. नवऱ्यानं इस्त्रीचं टेबल पुसून त्यांना बसायला दिलं. ते बसले, आणि टेबल अजून गरम होतं म्हणून उठले.

"मावशी, एक काम आहे. उद्यापासून चादरी पाठवतो. आमच्या आणि बाकी दहाजणांच्याही. रोज दहा दोऱ्या भरतील इतक्या."

मावशीचा चेहरा उजळला. "पाहुणे आले?"

"पाहुणे नाही. चादरी. कपाटातल्या."

"कपाटातल्या म्हणजे धुतलेल्या?"

"हो."

"मग?"

"मग परत धुवा."

मावशीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं वेगळ्याच दिशेला बघितलं.

अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. "हे बघा, ती पोरं खाली गेटवर बसून काय करतात? तुमच्या दोऱ्यांकडे बघतात. रिकाम्या दिसल्या की त्यांना जोर येतो. उद्यापासून भरलेल्या दिसल्या, की त्यांना कळेल, आपल्यावाचून कुणाचं अडत नाही. लोक रस्त्यानं येतायत. चार दिवसांत उठतील."

"माझी लेक त्यांच्यात बसलीय."

"म्हणूनच तुमच्याकडे आलो." अध्यक्षांचा आवाज एकदम घरचा झाला. "संप असाच लांबला तर कंपनी सगळ्यांना काढेल आणि बाहेरून माणसं आणेल. वरून कानावर आलंय माझ्या. लवकर मिटला तर परत घेतील. तुमच्या पोरीचं मी स्वतः बघतो. साहेब रोज माझ्याकडे जेवायला असतो." मग उठता उठता, आठवल्यासारखं करून ते म्हणाले, "आणि तो शहरातला मशीनवाला दोनदा येऊन गेला. अकरा हॉटेलांचं धुणं एकदम घेतो म्हणतो. बाकीचे तयार आहेत. मीच म्हटलं, आपली मावशी आहे."

मावशीनं हौदाकडे बघितलं. मग म्हणाली, "मळ नसेल तर मी धुवू काय?"

"नुसत्या भिजवा हो आणि टाका वाळत. कोण बघतंय जवळ येऊन?"

आता मात्र नवऱ्याला नीट ऐकू आलं. "नुसत्या भिजवल्या तर नीळ उतरते," तो म्हणाला. "चादर पिवळी पडते. धुवायची तर नीट धुवायची."

अध्यक्ष म्हणाले, "तुमची मर्जी." आणि उतरायला लागले. उतरताना त्यांना धाप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी लेक गेटवर गेल्यावर टेम्पो आला. मावशीनं पहिली गाठोडी सोडली. घड्या जशाच्या तशा होत्या, नवऱ्यानंच घातलेल्या. ती रोज कपडे वेगळे करायला बसायची तशी बसली आणि तिच्या लक्षात आलं की वेगळं करण्यासारखं त्यात काही नाही. वापरलेली चादर बोलते. कोण अंथरुणात चहा प्यायलं, कोण रडलं, कुणाचं मूल अजून ओलं करतं, कुठलं जोडपं भांडून दोन कडांना झोपलं, सगळं तिला कळायचं. आणि ते ती कधी कुणाला सांगायची नाही. या चादरी मुक्या होत्या. तिनं त्या भट्टीत घातल्या, सोडा घातला, उकळल्या, दगडावर आपटल्या. कमरेतून तीच कळ आली, खांद्यात तशीच चमक. पाणी मात्र जसं आत गेलं तसंच स्वच्छ बाहेर आलं. "हौदात तोंड दिसतंय बघा," ती नवऱ्याला म्हणाली. नवरा येऊन बघून गेला.

दुपारपर्यंत दहा दोऱ्या भरल्या. वारा सुटला आणि सगळी टेकडी फडफडायला लागली.

गाव ढवळून निघालं. होडीवाल्यानं दोन्ही होड्या पाण्यात ढकलल्या आणि अंधार पडेपर्यंत वल्ही हातात धरून बसला. चहावाल्यानं मोठं पातेलं चढवलं आणि संध्याकाळी ते दूध स्वतःच्याच घरच्यांना पाजलं. टॅक्सीवाले नंबरावरून भांडले. एकाचा शर्ट फाटला. बघणाऱ्यांना बरं वाटलं. पाहुणे दिसले मात्र कुणालाच नाहीत. पण दिसले नाहीत असं कबूल करणं म्हणजे आपल्याकडे आले नाहीत, दुसऱ्याकडे गेले, असं म्हणण्यासारखं होतं. म्हणून संध्याकाळपर्यंत टोपी घातलेला एक पाहुणा तिघांनी तीन ठिकाणी बघितला होता, आणि दुकानदाराकडून तर त्यानं साबणही नेला होता.

लेक त्या संध्याकाळी हळूहळू चढत आली. कुंपणाशी थांबली. दोऱ्यांकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. मावशी आतून तिच्याकडे बघत होती. आता ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडली तर काय म्हणायचं ते तिनं दिवसभर दगडावर घोकून ठेवलं होतं.

लेक आत आली, पाय धुतले. म्हणाली, "आज काम जास्त होतं?"

"होतं."

"रस्त्यानं आले म्हणे लोक."

"आले असतील," मावशी म्हणाली. "आपल्याला काय कळतंय."

लेकीनं ताट ओढलं आणि खाली मान घालून जेवली. घोकलेलं सगळं मावशीच्या मनातच राहिलं. पोरीला पटलं, असं तिनं धरलं. चार दिवसांचा प्रश्न आहे, मग तिचं तिलाच कळेल आईनं काय केलं ते, तेव्हा हसेल. असं ती स्वतःला सांगत होती, आणि दुसऱ्या दिवशी बारा दोऱ्यांचा माल आला.

तिसऱ्या दिवशी गेटवर चौसष्टचे पन्नास झाले. चौथ्या दिवशी शिडीवाले चौघं, तोंडाला रुमाल बांधून, मागच्या फाटकानं आत गेले. रुमाल असूनही चौघांना सगळ्यांनी ओळखलं, कारण गावात तेवढेच चौघं तेवढे उंच होते. पाचव्या दिवशी मावशीच्या चौदाही दोऱ्या भरल्या. संप चालू असताना हॉटेलं फुल्ल! पर्यटन खात्याच्या साहेबांनी खिडकीतून बघितलं आणि तसा अहवाल पाठवला. मावशीची पेरं फुटली होती; चादरींना लागू नये म्हणून ती बोटांना चिंध्या गुंडाळून पिळत होती. सातव्या दिवशी गेटवर अकरा जण उरले. आठव्या दिवशी संपाच्या पुढाऱ्यानं सही केली. एकही मागणी मान्य न होता, अत्यंत सौहार्दाच्या वातावरणात संप मिटला, असं पत्रकात होतं.

त्याच दुपारी गेटवर यादी लागली. नऊ नावांना आत प्रवेश नाही. लेकीचं नाव चौथं होतं. शेवटपर्यंत बसलेल्या अकरा जणांपैकी नऊ. उरलेले दोघं साहेबाच्या नात्यातले निघाले.

लेकीनं घरी येऊन हे सांगितलं, वजनाच्या काट्यावरचा आकडा सांगावा तसं. मग भिंतीकडे तोंड करून झोपली. मावशीनं पदर खोचला आणि चपला घालून टेकडी उतरली.

मोठ्या हॉटेलच्या पुढच्या दारानं ती कधी गेली नव्हती. मागच्या दारी, गाठोड्यांच्या खोलीत, तिला पाऊण तास बसवलं. खोलीत तिनंच धुतलेल्या चादरींची थप्पी छताला लागली होती. मग अध्यक्षांनी तिला आत बोलावलं. ते टेबलाशी बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"माझ्या लेकीचं बघतो म्हणाला होतात," मावशी म्हणाली.

"बघितलं. बोललो मी साहेबाशी. धोरण आहे म्हणाला."

"तुमच्याकडे रोज जेवायचा ना तो?"

"जेवायचा." अध्यक्षांनी टेबलावरचा कागद तिच्याकडे सरकवला. तिला वाचता येत नाही, हे आठवून परत ओढला. "मावशी, कंपनीनं कळवलंय. आपलं विमान कायमचं बंद. दुसऱ्या गावाला वळवलं. संपाच्या काळात विमान नसतानाही इथली सगळी हॉटेलं भरलेली होती, म्हणून इथं विमानाची गरज नाही, असा त्यांच्या साहेबाचा अहवाल आहे. आपल्या पर्यटन खात्यानंही तेच लिहिलंय. आणि पुरावा म्हणून हा फोटो."

फोटो गच्चीवरून काढलेला होता. हिरवी टेकडी आणि तिच्यावर चौदा पांढऱ्या रांगा, वाऱ्यानं एकाच बाजूला फुगलेल्या. उजव्या कोपऱ्यात हौदाशी वाकलेली ती स्वतः होती, नखाएवढी. तिचा फोटो याआधी कुणी काढला नव्हता.

"चांगला आलाय," मावशी म्हणाली.

अध्यक्षांनी डोकं हातात धरलं. "त्यांना सांगून टाका ना, चादरी कपाटातल्या होत्या म्हणून," ती म्हणाली.

"काय सांगू? आम्ही अकरा जणांनी मिळून खोटं केलं असं? लेखी?" ते बोटं टेबलावर वाजवत म्हणाले, "आता नुकसानभरपाईची समिती आणायची. त्याचंच बघतोय. मावशी, पुढच्या आठवड्यात ती समिती येईल, तेव्हा दोऱ्या एकदम रिकाम्या दिसल्या पाहिजेत बरं का. एक फडकंसुद्धा नको."

मावशी घरी आली तेव्हा लेक उठून बसली होती. बाप तिच्या शेजारी बसून तिला पंख्यानं वारा घालत होता. वारा बराचसा त्यालाच लागत होता. मावशी उंबऱ्यातच उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं. अध्यक्ष चढून आले तिथपासून फोटोपर्यंत. काही वगळलं नाही. "तुझी नोकरी राहील म्हणून केलं," असं तिनं दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना त्यात तिला स्वतःलाच मशीनवाल्याची भीतीही ऐकू आली.

लेक म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"टॉवेल कुठं होते?"

मावशीनं वळून बाहेरच्या दोऱ्यांकडे बघितलं.

"दहा दोऱ्या नुसत्या चादरी. उशीचा एक अभ्रा नाही, एक टॉवेल नाही. दहा दोऱ्या माणसं झोपली आणि एकानंही सकाळी उठून तोंड पुसलं नाही? गावाला नाही कळणार. गाव चादरीच मोजतं. पण मी या हौदावर वाढलेय गं. आणि तू? तीस वर्षं धुतेस. तुझ्या लक्षात नाही आलं?"

आलं नव्हतं. आलेला माल धुवायचा, न आलेल्याचं तिनं कधी मनात आणलं नव्हतं.

"मग गेटवर का नाही सांगितलंस?" मावशीनं विचारलं. "सांगायचंस. सगळे बसून राहिले असते."

"काय सांगू? उठून उभी राहू आणि म्हणू, घाबरू नका, ती माझी आई आहे, खोटं धुतेय?" लेकीचा आवाज चढला नाही, तो चढला असता तर मावशीला बरं वाटलं असतं. "तो बोटं गेलेला लोडर माझ्या शेजारी बसायचा. पट्टी बांधलेला हात असा मांडीवर ठेवून. तो म्हणाला, 'ताई, माणसं यायला लागली वाटतं.' मी म्हटलं, 'हो.' दुसऱ्या दिवशी म्हणाला, 'आणखी आली.' मी म्हटलं, 'हो.' आठ दिवस मी हो म्हणत होते."

बापानं पंखा थांबवला. "कोण आलं?" त्यानं विचारलं.

या वेळी त्याला कुणी ओरडून सांगितलं नाही.

आठवड्यानं कंपनीचं पाकीट आलं. सेवेबद्दल आभार मानले होते. शेवटचा हिशेब हवा असल्यास गणवेशाचे दोन्ही संच स्वच्छ धुऊन, इस्त्री करून, आठवड्याच्या आत गेटवर जमा करावेत, असं खाली लिहिलं होतं.

लेकीनं ट्रंकेतून दोन्ही संच काढले आणि बादली घेऊन हौदावर गेली. मावशी सवयीनं उठून मागोमाग गेली. बाह्या सारल्या, साबणाची वडी उचलली.

"तू हात लावू नकोस," लेक म्हणाली.

मावशीनं वडी दगडावर ठेवली आणि दोन पावलं मागे झाली. भट्टी गार होती. माल येऊन आठवडा झाला होता. लेकीनं कपडे भिजवले, चोळले, आपटले. विमानतळावरच्या पाच वर्षांत तिचा हात मऊ झाला होता. आपटताना मनगट वळत होतं, पाणी अंगावर उडत होतं. मावशी बघत उभी राहिली. तिच्या हातांना काय करावं कळेना, म्हणून तिनं ते कोरडेच पदराला पुसले.

दोन निळे शर्ट आणि दोन पँटी लेकीनं मधल्या दोरीवर टाकल्या. बाकीच्या तेरा दोऱ्यांवर काही नव्हतं. तेवढ्यात खालून अध्यक्षांचा माणूस धापा टाकत आला. समिती घाट ओलांडून वेशीपाशी पोचली होती. "अहो, अध्यक्षांनी सांगितलं होतं ना, एक फडकंसुद्धा नको म्हणून! ते निळं आत घ्या आधी!"

"ओलं आहे," लेक म्हणाली.

"घरात वाळवा."

"वाळेल तेव्हा काढीन. समितीला म्हणावं, एक पाहुणी आहे. आजच निघालीय."

माणूस मावशीकडे वळला. "मावशी, तुम्ही तरी सांगा हो हिला."

मावशीनं त्याच्याकडे पाठ केली आणि गार भट्टीतली राख काढायला बसली. माणूस थोडा वेळ उभा राहिला, मग अध्यक्षांना काय सांगायचं ते जुळवत खाली उतरला.

ऊन कलताना लेकीनं कपडे काढून बापापुढे ठेवले. आठवडाभर काम नव्हतं, त्यानं इस्त्री मन लावून केली. शर्टाची पाठ, बाह्या, पँटीची धार. खालचा खांदा टेबलाशी टेकवून तो एकेक घडी हातानं दाबत होता. पहिल्या शर्टाची कॉलर त्यानं उलटून पसरली, तेव्हा मावशी शेजारीच उभी होती. कॉलरच्या आतल्या बाजूला मानेच्या मळाची काळी रेघ तशीच राहिली होती. गेटवर उन्हात बसलेल्या वीस दिवसांची. ब्रशनं तीनदा उभं घासलं की जाते. तिच्या हाताला ते झोपेतही जमलं असतं. नवऱ्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. लेक दारात बसून पाकिटातला कागद पुन्हा वाचत होती.

मावशीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. नवऱ्यानं इस्त्री कॉलरवर टेकवली आणि सगळा भार देऊन ती रेघ दाबून बसवली.